बोराएवढा प्लुटो

मी कळमन्याच्या फळबाजारात संत्रं छाटतो. गाडी खाली झाली का ढिगाजवळ पोतं टाकून बसायचं, एकेक फळ हातात घ्यायचं अन् ठरवायचं, हे एक नंबर, हे दोन नंबर, हे चुरी. चुरी म्हणजे बारकं फळ, ज्याचा कोणी भाव करत नाही. ते बाजूले पडते अन् मंग त्याच्यावर कोणाची चप्पलबी पडते.

शाळेत मी गेलो, पण शाळा माह्यात काही आली नाही. सही येते, बसची पाटी वाचता येते, अन् ती वाचेपर्यंत बस निघून जाते. आमच्या शेडमध्ये मले रेडिओ म्हणतात. बायकोनं मले भाजी आणायले पाठवलं अन् मी पिशवी दुकानात ठेवून भाजी हातात धरून आलो, असं काहीबाही मी सांगतो अन् हमालाइचं ओझं हलकं होते. सगळं स्वतःवरच सांगतो. आपणच आपल्यावर हसून घेतलं का दुसऱ्याले हसायले जागा उरत नाही, असा माहा कायदा. लहानपणी मार चुकवायले शिकलो होतो, मंग सवयच लागली. आता कोणी मयतीत गप्प बसलं तरी माही जीभ खाजवते.

माही पोरगी माह्यावर नाही गेली. ते बीएस्सी झाली. आमच्या खानदानात तिच्या आधी दहावीच्या पुढं गेलेला एकच माणूस, अन् तोबी दहावीच्या पुढच्या गल्लीत गेला होता. कॉलेज संपल्यावर तिले जरीपटक्यात एका कपड्याच्या दुकानात काउंटरवर काम भेटलं. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकाशी हसायचं. घरी आली का गाल दाबत बसे अन् म्हणे, आई, पाय नाही दुखत, गाल दुखतात.

मागच्या हिवाळ्यात एका शिक्षणसंस्थेनं नवीन छोटं तारांगण बांधलं. तिथं लोकाइले ग्रह-तारे समजावून सांगायले माणूस पाहिजे होता. पोरीनं अर्ज केला. मुलाखत झाली, त्यात पास झाली. मंग त्याइनं सांगितलं का आता एका रविवारी सगळ्या उमेदवाराइनं लोकाइसमोर दहा-दहा मिनिटं काहीतरी समजावून दाखवायचं, घरातल्या साध्या वस्तू घेऊन. ज्याचं लोकाइले समजलं त्याले जागा. घरच्याइले यायची परवानगी होती. ती परवानगी त्याइनं काहून देल्ली, याचा विचार मी आजबी करतो.

पोरीनं विषय घेतला छोट्या ग्रहाइचा. संध्याकाळी दुकानातून आली का चहा पिऊन ते आमच्यासमोर, म्हणजे मी अन् तिची माय, तयारी करे. त्या पंधरवड्यात मले जे समजलं ते चार वर्षं शाळेत समजलं नसतं. मंगळ अन् गुरू याइच्या मधात म्हणे दगडाइचा एक पट्टाच आहे. लाखो गोटे सूर्याभोवती फिरून राहिले. मी म्हटलं, म्हणजे लिलावाच्या सकाळी कळमन्याचं गेट, एकाची गाडी दुसऱ्याच्या गाडीत. ते म्हणे, नाही बाबा, तिथं एवढी जागा आहे का एक गोटा दुसऱ्याले दिसतबी नाही. आपलं यान पाठवलं तं सरळ मधातून निघून जाते, हॉर्न वाजवायची गरज नाही. अन् ते सगळे गोटे एकत्र मळले तरी आपल्या चंद्राएवढा गोळा होत नाही.

त्या पट्ट्यातला सर्वात मोठा गोळा सेरेस. तो गोल आहे, सूर्याभोवती फिरते, तरी त्याले ग्रह म्हणत नाहीत, बटुग्रह म्हणतात. प्लुटोचंबी तसंच. पहिले तो ग्रह होता, मंग त्याले यादीतून काढलं. मी विचारलं, त्यानं काय कोणाचं वाईट केलं? पोरगी म्हणे, त्यानं आपला रस्ता साफ नाही केला. मोठा ग्रह आपल्या वाटेतले गोटे एकतर गिळते नाहीतर फेकून देते. प्लुटोत तेवढा दम नाही. त्याच्या वाटेत बाकीचा कचरा तसाच आहे.

"मंग मीबी बटुग्रहच," मी म्हटलं. "गोल आहो, फिरतो, अन् घरातला पसारा कधी काढला नाही."

तिच्या मायनं मान हलवली का हे मात्र खरं सांगितलं.

पोरीनं एक मोठं संत्रं घेतलं. ही पृथ्वी. एवढी पृथ्वी असली तं चंद्र म्हणजे एक बारकं लिंबू, प्लुटो बोराएवढा, अन् सेरेस तुरीच्या दाण्याएवढा. मंग तिनं अंतर सांगितलं. सूर्य आपल्या घराशी ठेवला, तं ही संत्र्याएवढी पृथ्वी एक किलोमीटरवर, अन् बोराएवढा प्लुटो पार उमरेडजवळ, चाळीसेक किलोमीटरवर. मले एकदम कसंतरी झालं. उमरेड रोडवर मी कितीदा गेलो. तिथं रस्त्याच्या बाजूले एक बोर पडलं आहे अन् ते हुडकेश्वरच्या आमच्या घराभोवती फिरून राहिलं, असं डोळ्यासमोर आलं.

मंग ते आकाशगंगेवर आली. म्हणे, एवढा मोठा सूर्यबी आकाशगंगेत मधात नाही. मधातून बराच दूर, पण पार टोकावरबी नाही. मोठ्या फाट्यावर नाही, एका बारक्या फाट्यात.

मी म्हटलं, "म्हणजे आपण आकाशगंगेतबी हुडकेश्वरलेच राहतो. शहराच्या मधातली बर्डी दूर, गाव तं मागं सुटलं, अन् रिक्षावाला म्हणते तिकडं नाही जात."

पोरगी हसली. गिऱ्हाइकावालं नाही, खरं हसली. म्हणे, बाबा, हे मी तिथं सांगीन. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

तिले फळं पाहिजे होती. सगळं एकाच झाडाचं दाखवायचं, असं तिच्या मनात होतं. मोठं संत्रं पृथ्वी, चंद्रासाठी चुरीतलीबी चुरी, प्लुटोसाठी बोराएवढं हिरवं फळ, जे गाडी खाली झाल्यावर पाल्यात राहून जाते. पट्ट्यासाठी तिनं संत्र्याच्या बिया वाळवून पुडीत बांधल्या होत्या. मी पहिले आणलेली फळं सुकून गेली. शनिवारी तिनं पुठ्ठ्याले भोकं पाडून मले देल्ली अन् म्हटलं, बाबा, याच मापाची ताजी आणा, कमी-जास्त नको. आपल्या धंद्यात माप समजावून सांगायची गरज नाही, म्हणून मी हसलो अन् पुठ्ठा स्कूटीच्या डिक्कीत टाकला.

रविवारी सकाळी मी बाजारात गेलो. पाल्यात हात घालून बारकी फळं काढली. हिरवी, मळकट, एकाले डाग, एकाले मुंगी. ती खोक्यात टाकली अन् खोक्याकडं पाहिलं, तं मले लाज वाटली. आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. पाहणाऱ्याची नजर वरच्या थरावर बसते, म्हणून वरचा थर नेहमी चांगला लावायचा. पाहुण्यासमोर कधी चुरी न्यायची नाही. साहेबलोक बसतील, बाकीच्याइचे थर्माकोलचे मॉडेल लायटिंगवाले असतील, अन् माही पोरगी खोकं उघडून त्यातून कचरा काढीन. लोक म्हणतील, बाप कळमन्यात बसते अन् पोरीले एक धड फळ देल्लं नाही.

मी सगळी बारकी फळं परत पाल्यात फेकली. जिथं सकाळचा सर्वात भारी माल उतरला होता, तिथून एकसारखी निवडली, एका मापाची, एका रंगाची. फडक्यानं पुसली. खोक्यात कागद लावला. हात धुतल्यावरबी मी त्या खोक्याकडं पाहत होतो. एवढी सुंदर छाटणी मी जन्मात केली नसन.

तुम्ही म्हणसान, पंधरा दिवस ऐकलं, तरी अक्कल आली नाही का? ऐकताना समजत होतं. पण फळ हातात आलं का माह्या डोक्यात दुसरं काही राहत नाही, नंबर राहते.

हॉलमध्ये शंभरेक लोक होते. समोर टेबलाशी दोन सर अन् एक मॅडम. पोरीचा नंबर आला तेव्हा मी खोकं टेबलावर ठेवलं अन् तिच्या मायजवळ मागं जाऊन बसलो. पोरगी धीट उभी होती. म्हणाली, "मोठ्या ग्रहांबद्दल सगळेच सांगतात. मी आज लहानांबद्दल सांगणार आहे." अन् तिनं खोकं उघडलं.

ते थांबली. कागद बाजूले केला, खाली पाहिलं. खालीबी तसंच. मंग तिनं एक संत्रं उजव्या हातात घेतलं, दुसरं डाव्या हातात. दोन्ही जुळे भाऊ.

"समजा ही पृथ्वी," ते म्हणाली, "अन् समजा हा प्लुटो."

लोक खुसखुसले. एका सरनं चष्मा वर करून विचारलं, पण ही दोन्ही तर सारखीच दिसतात? पोरगी म्हणाली, "हो सर, फळं चुकली." बापानं चुकवली म्हणाली नाही. तिची माय माह्याकडं पाहत होती, अन् मी समोरच्या माणसाच्या टकलाकडं.

पण पोरगी हुशार निघाली. तिनं संत्रं खाली ठेवलं, मोकळ्या हातानं सांगायले लागली. सूर्य आमच्या घराशी ठेवला, पृथ्वी किलोमीटरवर गेली, प्लुटो उमरेडजवळ जाऊन बसला. लोक शांत झाले. एक म्हातारा बोटानं हवेत रस्ता काढून पाहत होता. मंग ते आकाशगंगेवर आली अन् म्हणाली, आपण आकाशगंगेच्या हुडकेश्वरला राहतो, रिक्षावाला तिकडं येत नाही. सगळा हॉल हसला. मॅडमनं हातातला पेन खाली ठेवला अन् हसत पुढं वाकून ऐकायले लागली. पोरीचा आवाज मोकळा झाला. गेलेलं तिनं परत आणलं होतं. आता पट्टाच राहिला होता. बियाइची पुडी तिनं हातात घेतली होती.

इथंच मी गप्प बसलो असतो तं हे सगळं सांगायची वेळ आली नसती.

हॉल हसला अन् माह्या अंगात काय शिरलं सांगता येत नाही. ते हसू माहं होतं. माह्या तोंडचं होतं, अन् दुसऱ्याच्या नावावर जाऊन राहिलं होतं. तो दुसरा म्हणजे माही पोटची पोरगी, हे त्या घडीले ध्यानात नाही राहिलं. मी उभा झालो.

"मॅडम, हा डायलॉग माहा आहे. मी देल्ला तिले."

लोक परत हसले, आधीपेक्षा जोरात. मॅडमनं विचारलं, हे कोण? पोरगी म्हणाली, "माझे बाबा." एका सरनं आपलं सहज विचारलं का तुम्ही काय करता. झालं. रेडिओचं बटन दाबलं. मी म्हटलं, साहेब, मी ग्रह छाटतो. आमच्या कळमन्यात सगळे ग्रह एक नंबर निघतात, प्लुटोले आमी काढत नाही, पुसून परत लावतो. मंग बायकोवर एक, शाळेवर एक. चालत चालत मी समोर कधी पोचलो मले समजलं नाही. खोक्यातलं एक संत्रं उचलून सरच्या हातात देल्लं अन् म्हटलं, घ्या, मंगळ खाऊन पाहा, गोड आहे. लोक टाळ्या वाजवून राहिले होते. माह्या बाजूले पोरगी पुडी धरून उभी होती, अन् मी तिच्याकडं पाहून डोळा मारला, का पाहा, बापानं कसा सांभाळून घेतला मामला.

घंटी वाजली. दहा मिनिटं संपली.

पोरीनं धन्यवाद म्हटलं, टेबलावरची संत्रं गोळा केली, पुढच्या उमेदवारासाठी टेबल पुसून देल्लं. बाहेर दोघा-तिघाइनं माही पाठ थोपटली. एक म्हणे, काका, तुम्ही स्टेजवर पाहिजे होते. मी म्हटलं, होतोच ना.

तिची माय बसनं गेली. पोरगी माह्या मागं स्कूटीवर, मधात खोकं. सिग्नलले थांबलो तेव्हा मी म्हटलं, "लोकाइले लय आवडलं वं पोरी."

तिनं मधातलं खोकं सरळ केलं. सिग्नल सुटायले आला तेव्हा म्हणाली, "माहं बोलणं राहिलं होतं, बाबा."

"कोणतं?"

"पट्ट्याचं. छोट्याइचं. त्याच्यासाठीच तं घेतला होता विषय."

"मंग मले सांग ना आता, घरी जाऊन सांग."

"तुमाले माहीत आहे ते," ते म्हणाली.

मागच्या गाडीनं हॉर्न देल्ला म्हणून मी निघालो. घर येईपर्यंत मले एकबी गंमत सुचली नाही. ती जागा दुसऱ्या कोणाले भेटली. पोरगी सोमवारी दुकानात गेली, संध्याकाळी आली, गाल दाबत बसली. रागावली असती तं बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाले हसवायची तरकीब मले येते.

एवढ्यावर दुसरा कोणी बाप गप्प बसला असता. मी नाही बसलो. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हमालाइनं विचारलं, काय झालं गा पोरीचं, तं मी सगळा किस्सा रंगवून सांगितला. जुळे भाऊ, टक्कल, मंगळ गोड आहे. शेड हसून हसून लोळली. स्वतःवरच सांगून राहिलो होतो ना, गाढव मीच होतो ना किश्शात. मंग दुसऱ्या शेडचे आले, त्याइले सांगितलं. अडत्याइनं बोलावून सांगायले लावलं. हिवाळाभर माहा प्लुटो बाजारात चालला. मले जे दिसलं नाही ते हेच का, दरवेळी त्या किश्शात माह्या बाजूले एक पोरगी पुडी धरून उभी राहे अन् दरवेळी तिची जागा जाऊन राहिली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तारांगणातल्या त्या मॅडमचा फोन आला. रविवारी लहान पोट्टे येतात, त्याइले छोट्या ग्रहाचं सांगायले येशील का, म्हणे. पगार नाही, जाण्या-येण्याचं देतो, पुढं काही निघालं तं पाहू. पोरगी हो म्हणाली. मले हे तिच्या मायकडून समजलं. फळं आणायचं कोणी मले सांगितलं नाही. मीबी विचारलं नाही.

तिनं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली अन् स्वतः कळमन्याले आली. मी पोत्यावर बसलो होतो. तिनं नवीन पुठ्ठा आणला होता, भोकं पाडलेला. मले म्हणाली, तुम्ही काम करा बाबा, मी पाहते. अन् पाल्याच्या ढिगाजवळ बसून एकेक बारकं फळ भोकातून काढून पाहायले लागली. जे अडकलं ते बाजूले, जे सुटून पडलं तेबी बाजूले, जे बरोबर बसलं तेवढंच जवळ.

आमचा एक जुना हमाल तिकडून पोतं टाकून आला. मनानं वाईट नाही, पोरीले लहानपणापासून ओळखते. तो थांबला अन् म्हणाला, "काय वं बाई, प्लुटो एक नंबरचा पाहून राहिली का?"

शेडमधले सगळे हसले. पोरीनं मान वर केली. ते पहिले त्याच्याकडं पाहून हसली, मंग बाकीच्याइकडं, ओळीनं, जसं काउंटरवर हसते तसं. मंग माह्याकडं पाहिलं. तिले आतापर्यंत माहीत नव्हतं का हे सगळ्या बाजारले माहीत आहे.

एक नवीन व्यापारी उभा होता, त्यानं विचारलं, काय गंमत आहे? हमाल म्हणाला, "सांग ना गा तुह्याच तोंडानं, मजा येते."

सगळे माह्याकडं वळले. अन् लाजेची गोष्ट सांगतो. मी तोंड उघडलं. "अरे बाप्पा, त्या दिवशी मी खोकं भरलं ना..." एवढं बोललोबी. सवय आहे. पोरगी परत खाली पाहून पुठ्ठ्याच्या भोकात फळ घालून राहिली होती, पण तिचा हात थांबला होता. ते वाट पाहत होती, मी पुढं काय सांगतो त्याची.

"बाकीचं विसरलो," मी म्हटलं.

हमाल म्हणाला, विसरतो कसा, काल तं सांगितलं. मी म्हटलं, विसरलो ना गा, म्हातारा झालो. त्यावरबी दोघं हसले. व्यापारी निघून गेला. मी एक संत्रं हातात घेतलं अन् ते किती तरी वेळ कोणत्याच ढिगात टाकलं नाही.

पोरीनं फळं रुमालात बांधली. जाताना माह्याजवळ थांबली. म्हणाली, बाबा, रविवारी मले सकाळी सोडून द्याल का, बस उशिरा आहे. मी म्हटलं, सोडतो. आत या म्हणाली नाही. सोडून द्या म्हणाली. तेवढं समजायची अक्कल तोवर आली होती.

रविवारी तिले गेटशी उतरवलं. ते आत गेली. मी घरी जाणार होतो, पण पाय निघाला नाही. समोर फुटाणेवाला होता, त्याच्या छत्रीखाली उभा राहिलो. पोट्ट्याइची एक बस आली, सगळे गोंधळ करत आत गेले, अन् दार लागलं. फुटाणेवाल्यानं विचारलं, कोणाची वाट पाहून राहिले काका? मी म्हटलं, पोरगी शिकवून राहिली आत. तो म्हणे, मंग आत जा ना, उन्हात काहून उभे? मी म्हटलं, इथंच बरं आहे.

बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून पोट्टे हसल्याचा आवाज आला. एकदम सगळे. मंग शांत झालं, अन् परत हसले.

कशावर हसले ते मी तिले विचारलं नाही. तिनंबी सांगितलं नाही. स्कूटीवर बसताना रुमाल रिकामा होता. म्हणाली, फळं पोट्ट्याइनं घरी नेली.